वडाभोवतीच्या फरश्या

आमच्या सोसायटीतल्या वडाभोवती फरश्या बसवायची सूचना माझीच होती. वटपौर्णिमेला फेरे घालताना बायकांचे पाय चिखलात जायचे, साड्या खराब व्हायच्या. खोदताना मुळं आडवी आली, ती मजुरांनी तोडली आणि माती ठोकून घट्ट केली. त्या आवाजाने कामात लक्ष लागेना, म्हणून मी खिडकी लावून घेतली होती.

त्यानंतर तीन वटपौर्णिमांना आम्ही कोरड्या पायांनी सूत गुंडाळलं. यंदा वडाचा शेंडा वाळलेला दिसला.

काल सदूमामा माळ्यांनी फरश्या उखडल्या. आता ते पहारीने कडक मातीत भोकं पाडून त्यांत शेणखत भरताहेत.

"तीन वर्षं तर चांगला हिरवा होता," मी म्हटलं.

"मोठं झाड लगेच सांगत नाही, ताई. साठवलेल्यावर जगतं."

"वाचेल?"

"दोन पावसाळ्यांनी कळेल. तोवर फेरे टीव्हीभोवती घाला, तिथं चिखल नसतो."

म्हणजे नवऱ्यांसाठी आयुष्य मागत आम्ही फिरत होतो, तेव्हा ते झाड आमच्याच पायांखाली गुदमरत होतं.

पहारीचा आवाजही तसाच येतो, मुळं तोडताना यायचा तसा. आज मी खिडकी उघडी ठेवली आहे.