मूळपुरुषाचा दाखला

"ते ठीक आहे, पण पुरावा?" असं म्हणून ते डाव्या हाताचा पंजा पुढे करायचे. पुरावा म्हणजे जणू देवळातला प्रसाद, लगेच हातावर ठेवायचा.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर सही करायला काही उरलं नाही, की माणूस देवाला लागतो, नाहीतर भावकीत भांडणं लावतो. मावला गावातले आमचे हे शेजारी पूर्वजांच्या मागे लागले. सगळी आळी त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून मीही म्हणत असे.

आमचा भाग अजून आंध्र प्रदेशात होता तेव्हाची ही गोष्ट. आमच्याकडची जुनी मराठी घराणी "आमी इथले मूळचेच" असं छातीठोक सांगतात आणि मूळ गाव विचारलं की पैनगंगेपलीकडे बोट दाखवतात. भाऊंना असलं बोट चालत नव्हतं, कागद हवा होता. त्यांनी बैठकीच्या भिंतीवर भला मोठा वंशवृक्ष काढला. खाली स्वतः, वर वडील, आजोबा, पणजोबा आणि पार वर पागोटं घातलेला एक गृहस्थ, ज्याच्या मिशा थेट भाऊंसारख्या होत्या. मूळपुरुष झाडाच्या शेंड्यावर बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"सर, तुमच्याकडं किती पिढ्या सांगता येतात?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"आजोबापर्यंत. त्याच्या वर मालकाचं नाव लागते."

माझे आजोबा दुसऱ्याच्या वावरात गडी होते. जनगणनेत त्यांचं नाव लिहिलं की बैलांबरोबर मोजलं, मला माहीत नाही. भाऊ हळहळले. त्यांची हळहळ खरी होती, म्हणून मला राग आला नाही. फारसा आला नाही, असं म्हणू.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण भाऊंच्या घरात लग्नाची मुलगी होती. सुनंदाला उटनूरच्या एका मास्तरचं स्थळ सांगून आलं. नोकरी पक्की, निर्व्यसनी, आणि मुलगा सुनंदाच्या मनात भरलेला. वहिनींनी हे मला सांगितलं ते मी भाऊंच्या कानावर घालावं म्हणून. मुलाचे वडील बोलणी करायला आले तेव्हा भाऊंनी पत्रिका न उघडताच बाजूला ठेवली आणि त्यांना पणजोबाचं नाव विचारलं.

"आजाचं सांगतो ना," म्हातारे गोंधळून म्हणाले. "त्याच्या वरचं आमाले मालूम नाही."

भाऊंचा पंजा पुढे आला. त्यावर ठेवायला म्हाताऱ्यांपाशी काहीच नव्हतं. ते चहा अर्धा टाकून गेले, आणि त्या दिवशी सुनंदा जेवली नाही.

"काऊन असं केलं, भाऊ?" मी विचारलं.

"सर, ज्याले आपला पणजा मालूम नाही त्याच्या घरी पोट्टी कशी द्याची? मी आधी माहं पक्कं करून राह्यलो. मंग त्याईचं पाहू."

म्हणजे सुनंदाचं लग्न भाऊंच्या आजोबांच्या जन्मापाशी अडलं. आजोबांच्या जन्माची नोंद सापडल्याशिवाय वरची पिढी पक्की होईना. निजामाच्या वेळचं दप्तर उर्दूतलं. ते वाचता येतं याचा भाऊंना केवढा अभिमान! पैदाइशची, जन्मनोंदींची बाडं, मर्दुमशुमारीचे म्हणजे जुन्या जनगणनेचे कागद, सगळं त्यांनी उपसलं. गावातल्या साऱ्यांचे आजोबा जन्मलेले निघाले, भाऊंचे तेवढे जन्मलेच नव्हते. "लेदु सार," कचेरीतला तेलुगू कारकून सांगायचा. नकार भाऊंनी तीन भाषांत ऐकला. लग्नाची नोंद शोधावी, तर त्या काळी लग्नाचा कागद म्हणजे डोक्यावर पडलेल्या अक्षता.

शेवटी वहिनींनी भाकरी थापता थापता विचारलं, "तुमचे आजे घरात थोरले होते ना?"

"होते. मंग?"

"मंग ते इथं कायले जन्मतीन? पहिल्या बाळंतपणाले बाई माहेरी गेली असन. तिच्या गावात पाहा ना."

भाऊ उठून भिंतीपाशी गेले. त्या झाडावर एकही बाई नव्हती. पिढ्यान् पिढ्या पुरुषांनाच पुरुष झाले होते.

पणजीचं माहेर कुठलं हे सांगायला एक म्हातारी आत्या उरली होती. नाव विचारलं तर ती म्हणाली, "नाव कोन घेते सुनेचं? तिले सारे वांकिडीवाली म्हणत." आमच्याकडे सून आली की तिच्या माहेरच्या गावावरूनच तिला हाक मारतात. भाऊंना तेवढा पुरावा पुरला. दुसऱ्या सकाळी मला घेऊन त्यांनी वांकिडीची बस धरली.

तिथल्या पारावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. भाऊंनी सगळी हकीकत रीतसर सांगून विचारलं, "तं त्या वांकिडीवालीचं घर कोणतं?"

म्हातारे बोळकं पसरून हसले. "भाऊ, हे वांकिडीच आहे. इथं तं साऱ्याच वांकिडीवाल्या. तिचं नाव सांगा ना. माहेरचं सांगा, सासरचं बदललेलं नोको."

भाऊंना दोन्ही माहीत नव्हती. तिथून आम्ही तालुक्याच्या कचेरीत जाऊन वांकिडीचं बाड पाहिलं. त्यात पानोपानी बापाचं नाव आणि "त्याच्या लेकीला मुलगा". लेकीचं नाव कुठेच नाही. त्या मुलांतला भाऊंचा आजोबा कोणता, ते देवच जाणे.

परतीच्या बसमध्ये भाऊंनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "सर, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याले मी पणजा विचारला. मले पणजी विचारली असती त्यानं, तं काय सांगतलं असतं मी?" मला पहिल्यांदाच त्यांची दया आली. तीन दिवसांनी ते आपणहून उटनूरला गेले आणि लग्न ठरवून आले.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते त्या लग्नाच्या मांडवातले. उटनूरचा रस्ता जंगलातला, म्हणून सुनेचं नाव ठेवण्याचा विधी मावल्यातच उरकायचं ठरलं होतं. ताटात तांदूळ पसरले. नवरदेवानं अंगठी हातात घेतली. भटजींनी नवीन नाव विचारलं, तशी मुलाची मावशी म्हणाली, "भाग्यश्री."

"थांबा!" भाऊ उठले. "नाव बदलू नका."

"रीत आहे भाऊ," कुणीतरी म्हणालं.

"मालूम आहे रीत. पण उद्या हिच्या नातवा-पणतवाईले हिले शोधाचं झालं तं?" त्यांनी सुनंदाकडे बोट दाखवलं. "माही पोट्टी सापडली पाह्यजे."

नवरदेवानं वडिलांकडे पाहिलं. पणजोबा माहीत नसलेले ते म्हातारे पुढे आले आणि म्हणाले, "राहू दे. नाव चांगलंच आहे पोरीचं."

मास्तरनं वळणदार अक्षरात तांदळावर 'सुनंदा' लिहिलं. भाऊ ताटावर वाकले, चष्मा सारखा करून एकेक अक्षर वाचलं, आणि साऱ्या वऱ्हाडासमोर लहान मुलासारखे रडायला लागले.