जुन्याचे पंचेचाळीस, नव्याचे एक्केचाळीस

दोन ट्रॅक्टर माझ्या गॅरेजसमोर उभे होते आणि बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. बाप हुसेनभाई, लेक सलीम. भवानीनगरला ऊसवाहतूक करतात. दोनातला एकच ठेवायचा होता. इंदापूरचं गिऱ्हाईक दुपारी येणार होतं, त्याला कुठलाही चालणार होता. जो ठेवतील त्यावरच पुढचा सगळा सीझन काढायचा होता.

कंपनी एक, मॉडेल एक, मधे पंधरा वर्षांचं अंतर. जुन्याच्या पाटीवर ४५ एचपी. नव्याच्या माहितीपत्रकात ४१.

"बघ आक्का," हुसेनभाई म्हणाला, "कंपनीनं चार घोडं खाल्लं. वर नुसता रंग मारून दिला."

"अब्बाला जुनंच ग्वाड लागतंय," सलीम माझ्याकडं बघून म्हणाला.

माझी शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनं उघडण्यात केस पिकले. आकडा दिसला की तो कशाचा, हे आधी विचारायचं. जुन्याचा आकडा इंजिनाचा होता. नव्याचा पीटीओचा. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं फिरणारा दांडा, ज्यावर माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर चालतो. इंजिनाची ताकद गिअरमधून तिथवर पोचताना थोडी कमी होते. मी शोरूमला फोन लावला. नव्याचं इंजिन सत्तेचाळीसचं निघालं.

"झालं तर मग," सलीम म्हणाला.

"फोनवर ऊस न्हाय वढत," हुसेनभाई म्हणाला. "पुलाच्या चढाला घाला."

म्हणणं रास्त होतं. कारखान्याच्या वाटेवर कालव्याचा पूल आहे, चढ खडा आणि मातीचा. मुरमानं भरलेली ट्रॉली आधी जुन्याला लावली. हुसेनभाई स्वतः सीटवर बसला. जुना काळा धूर सोडत चढला. मग तीच ट्रॉली नव्याला. सलीम अर्ध्यात पोचला आणि मागची चाकं जागेवरच गरागरा फिरायला लागली.

"ये खाली, ये!" हुसेनभाई वरून ओरडला. "मोबाईलवर चढव आता!"

सलीमचं तोंड एवढंसं झालं. पण मला ते पटेना. इंजिन कमी पडलं तर आवाज दबतो, बंद पडतं. इथं आवाज जोरात होता, चाकाला पकड नव्हती. मी जुन्याच्या मागच्या टायरजवळ गेले, व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक फिरवायला लावलं आणि खिळ्यानं पिन दाबली. पाणी उडालं. नव्याची दाबली. नुसती हवा.

ऊस वाहणारे मागच्या टायरात पाणी भरतात. वजन वाढतं, चाक जमीन धरतं.

"हुसेनभाई, ठावं हुतं का न्हाय?"

तो कालव्याकडं बघायला लागला. "इचारलं कुठं कुणी?"

"जुना इकला तर तुझं काय जातंय?"

त्यानं सलीमकडं बोट केलं. मग म्हणाला, "नव्यावर ह्यो ड्रायव्हर ठिवणार. मी काय घरात बसून शेरडं राखू?"

"आवं, ड्रायव्हर कोण म्हणालं?" सलीम चमकला. "त्यो ट्रॉल्या भरायला माणूस बघतोय मी. ट्रॅक्टरवर तुमीच."

"मग आदी बोलायचं व्हतंस."

"तुमी बोलू देताय व्हय?"

मी दोघांना गप्प केलं आणि नव्याच्या टायरात पाऊण भाग पाणी भरलं. या वेळी हुसेनभाईला नव्यावर बसवलं. तो ट्रॉली घेऊन चढला, तेही एक गिअर वर टाकून. पुलावर थांबून त्यानं स्टिअरिंग एका बोटानं इकडं-तिकडं फिरवलं. पॉवर स्टिअरिंग होतं. जुन्यानं त्याचे खांदे कामातून घालवले होते.

"बरा हाय," एवढंच म्हणाला. खाली मात्र उतरेना.

दुपारी जुना इंदापूरला गेला. टायरातलं पाणी गिऱ्हाइकाला मी आधीच सांगितलं.

दोन सालांच्या इंजिनांची ताकद ताडताना आकडा कुठं मोजला ते विचारावं, टायर तपासावा. आणि सीटवर कोण बसणार, हे घरीच ठरवून यावं. माझा अर्धा दिवस वाचतो.