अत्तारांच्या कुंकवाची परीक्षा

कारभारी विसाजीपंतांनी कुंकवाचा करंडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "यात शेंदूर मिसळला आहे, एवढेच कोतवालाच्या माणसाला सांगायचे. तो बाहेर ओट्यावर बसला आहे."

परीक्षा झाल्यावर सांगेन, असे मी म्हटले.

"तात्या असते तर एव्हाना सांगून मोकळे झाले असते."

तात्या म्हणजे माझे वडील. पुण्यातले नावाजलेले वैद्य. ते साताऱ्याला गेले होते, म्हणून सरदारांच्या घरचे बोलावणे नाइलाजाने माझ्यापर्यंत पोहोचले होते. रसशास्त्र, म्हणजे धातू व खनिजे ओळखण्याची आणि शुद्ध करण्याची विद्या, मी लहानपणापासून त्यांच्याच हाताखाली शिकले. पण एकटीने निर्णय देण्याची ही पहिलीच वेळ. निर्णय बरोबर ठरला तर पुढे मलाच बोलावतील, ही आशा मनात होती. 

प्रकरण असे होते. धाकट्या सूनबाई यमुनाबाई यांच्या कपाळावर फोड आले होते. कुंकू कासम अत्तारांच्या दुकानचे. अत्तार म्हणजे सुगंधी तेले, बुक्का, कुंकू विकणारे दुकानदार. कासमचाचांचे घराणे तीन पिढ्या आमच्याच पेठेत हा व्यवसाय करत होते. सकाळीच शिपायांनी त्यांना चावडीवर नेऊन बसवले आणि दुकानाला कुलूप घातले. भेसळ सिद्ध झाली तर त्याच संध्याकाळी त्यांना शहराबाहेर काढायचे, शिपायांनी लोणी गावाच्या पुढे पोहोचवून यायचे आणि पुन्हा पुण्यात पाऊल ठेवू द्यायचे नाही, असे ठरले होते. सिद्ध करणारी मी.

खरे कुंकू हळदीचे असते. हळकुंडे लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून भिजवतात, वाळवतात, कुटतात. तांबडा रंग त्यातूनच येतो. लोभी माणूस त्यात दोन वस्तू मिसळतो. एक शेंदूर, जो शिशापासून होतो. दुसरी हिंगूळ, ज्यात पारा असतो. दोन्ही दिसायला हळदीपेक्षा तेजस्वी आणि वजनाला पुष्कळ जड.

म्हणून प्रथम वजन. घरी मी स्वतः केलेले कुंकू बरोबर नेले होते. एकाच मापाने दोन्ही भरून तराजूत घातली; काटा मध्यावर राहिला. मग निखारे. तोंडाला पदर बांधून चिमूटभर कुंकू निखाऱ्यावर टाकले. शेंदूर असता तर शिशाचा बारीक थेंब मागे राहिला असता. हिंगूळ असता तर वर धरलेल्या गार खापरीवर पाऱ्याची राखी झाक आली असती. थेंब नाही, झाक नाही. जळलेल्या हळदीचा वास तेवढा आला. मी पुन्हा करून पाहिले. तेच.

"कुंकू शुद्ध आहे," मी म्हणाले.

"मग फोड काय आकाशातून पडले?"

"ते मला अजून ठाऊक नाही."

"ठाऊक नाही, हे सांगायला वैद्य कशाला हवा? ते तर आमचा पाणक्याही सांगेल." पंत उठले. "तो माणूस उन्हे उतरेपर्यंत थांबेल. तोवर दुसरा अपराधी द्या, नाहीतर हाच राहील."

माझ्या निर्णयात चूक नव्हती, पण तो अपुरा होता, आणि अपुऱ्या निर्णयाने चाचा सुटणार नव्हते. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

मी माजघरात गेले. थोरल्या सूनबाई त्याच करंड्यातले कुंकू लावत आणि त्यांचे कपाळ स्वच्छ होते. म्हणजे दोघींत काहीतरी वेगळे होते. यमुनाबाईंना मी हात पुढे करायला सांगितले. त्यांच्या अंगठ्याची आणि मधल्या बोटाची टोके लाल झाली होती, सालपटे निघत होती. कुंकू अंगठ्याने कोणी लावत नाही.

"कुंकू कसे लावता, ते मला करून दाखवा," मी म्हणाले.

"यात काय दाखवायचे? सगळ्या लावतात तसेच."

"तरी दाखवा."

त्यांनी एक छोटी डबी उघडली, मेणाचा कण घेतला आणि अंगठा व बोट यांच्यात मळू लागल्या. मी त्यांचा हात धरला.

कुंकू कपाळावर टिकावे म्हणून त्याखाली मेण लावतात, हे मलाही ठाऊक होते; मी स्वतः रोज लावते. पण कुंकवाची परीक्षा म्हटल्यावर करंडाच तपासायचा, असे पंतांनी धरले आणि मीही धरले. मेणाला कोणी जिन्नस मानतच नाही.

थोरल्या सूनबाईंच्या डबीतले मेण जुने होते. यमुनाबाईंचे मेण नुकतेच कोठीघरात पातळ करून गाळले होते. नव्या मेणाला किंचित तपकिरी छटा होती आणि माझ्या मनात एकच नाव आले: बिब्बा. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की फोड येतात. परीट त्याच तेलाने कपड्यांवर खुणा करतात, आणि वर चुना लावला की खूण काळी होऊन पक्की बसते. पांढऱ्या फडक्याच्या एका टोकाला जुने मेण चोळले, दुसऱ्या टोकाला नवे. दोन्हींवर पानाच्या डब्यातला चुना लावला आणि वाट पाहत बसले. उन्हे अंगणातून भिंतीवर चढली होती. ओट्यावरचा माणूस दोनदा खाकरला.

जुन्या मेणाचे टोक पांढरे राहिले. नव्या मेणाच्या टोकावर काळा डाग उमटला.

कोठीघर सांभाळणारी मोलकरीण गोदा पुढे आली. मेण तिने लोखंडी पळीत पातळ केले होते. त्याच पळीत आदल्या दिवशी बिब्ब्याचे तेल काढले होते, आणि पळी नुसती पुसून ठेवली होती. तेल कोणासाठी काढले, असे मी विचारले. उत्तर थोरल्या सूनबाईंनी दिले.

"पंतांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या ना."

विसाजीपंत दाराशीच उभे होते. त्यांनी धोतराचा सोगा टाचांवर सोडला. ते म्हणाले, "घरातली गोष्ट आहे. चावडीवर न्यायचे कारण नाही." मग गोदाला कोणी काही बोलले नाही. कोतवालाच्या माणसाला निरोप गेला की तात्यांच्या घरून परीक्षा झाली, कुंकू निर्दोष आहे. माझे नाव त्यात नव्हते. तो शब्द नीट पोहोचतो आहे ना, हे पाहण्यासाठी मी त्या माणसामागून चावडीपर्यंत गेले.

दिवेलागणीला चाचा सुटले. यमुनाबाईंना मी तीळ आणि लोणी वाटून लेप दिला. कपाळ भरून आले. चाचांचे गिऱ्हाईक परतायला मात्र त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला, कारण शिपाई माणसाला पेठेतून मिरवत नेतात आणि सोडतात ते मागच्या दाराने.

परीक्षेसाठी समोर ठेवलेली वस्तू कोणीतरी आधीच निवडलेली असते. आता मी तिला हात लावण्यापूर्वी विचारते, हिच्याबरोबर आणखी काय वापरता? लोक कंटाळतात. मी उत्तर मिळेपर्यंत तराजू काढत नाही.