निवांतचा काटा

पहिल्यांदाच लिहितोय इथे. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचायचो ते जेवताना करमणूक म्हणून, आणि खाली तिरकस कॉमेंटही टाकायचो. माझा धंदाच तसा... मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, गेली एकोणीस वर्षं कतारमधल्या एका गॅस प्लांटवर. मीटर खोटं बोलतोय का हे शोधायचं आणि बोलत असेल तर त्याला वठणीवर आणायचं, एवढंच काम. भुताखेतांना माझ्या आयुष्यात जागा नव्हती. आजही नाही. तरी हे कुठेतरी लिहायलाच हवं, कारण घरात बोलायची सोय उरलेली नाही.

आम्ही अल खोरला राहतो, कंपनीच्या व्हिलात. मी आणि अनघा, माझी बायको. माझा मोठा भाऊ, दादा, दोन गल्ल्या सोडून राहायचा. आम्ही नाशिकचे, म्हणजे पाण्याशी संबंध गोदावरीच्या घाटापुरता. पण दादाला इथे येऊन समुद्राचं वेड लागलं. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने नोकरी सोडली, एक जुनी शिडाची बोट घेतली, तिचं नाव ठेवलं ‘निवांत’ आणि वहिनींना घेऊन बोटीवर राहायलाच गेला. आधी ओमान, मग मालदीव. दोन वर्षं दोघं बेटाबेटांतून फिरत होते. वहिनी डेकवर कुरडया वाळत घालायच्या... त्याचे फोटो आहेत माझ्याकडे.

निघण्यापूर्वी दादाने दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून दोन पितळी बॅरोमीटर आणले. हवेचा दाब दाखवणारी तबकडी, एका मापाची, एकसारखी. एक त्याने बोटीत लावला, दुसरा माझ्या जेवणाच्या खोलीत ठोकला. काचेवर नखाने टकटक करून काटा कसा बघायचा, उतरला की वादळ आणि चढला की हवा निवळली, ते मला शिकवलं. मला! म्हणाला, “राहू दे तुझ्याकडे. दोघं एकच हवा बघू.”

बोटीचं घड्याळही त्याने कतारच्याच वेळेवर ठेवलं होतं. रोज दुपारी चारला सॅटेलाइटच्या छोट्या यंत्रावरून त्याचा मेसेज यायचा. आज कुठे आहे ते, आणि एखादं वाक्य. ‘भरीत केलं.’ ‘तुझी वहिनी कासवाला घाबरली.’ चोवीस तास मेसेज आला नाही तर मी शोधयंत्रणेला कळवायचं, असं ठरलेलं होतं.

एकदा मे महिन्यात भर दुपारी आमच्या भिंतीवरचा काटा खाली गेला आणि तासाभरात वर आला. बाहेर रणरणतं ऊन. चारला दादाचा मेसेज... जोराचा वारा येऊन गेला, चहा सांडला. अनघा म्हणाली, बघ, तुमचे काटे एकमेकांशी बोलतात. मी तिची भरपूर थट्टा केली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला वहिनी त्यांच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेल्या होत्या. दादा बोटीवर एकटा, मालदीवच्या उत्तरेला एका निर्जन बेटापाशी, प्रवाळाच्या आडोशाला नांगर टाकून. रविवारी वहिनी परत येणार होत्या आणि तो त्यांना घ्यायला विमानतळ असलेल्या बेटावर जाणार होता.

शुक्रवारची सुट्टी होती. पोहे खाऊन मी बॅरोमीटरकडे पाहिलं तर काटा एक हजार तीनवर. फोनवर दोहा विमानतळाचा आकडा बघितला... एक हजार तेरा. आकाश निरभ्र. दहा मिलिबारची चूक! प्लांटवर असा मीटर मी पाच मिनिटं राहू देत नाही. स्क्रूड्रायव्हर आणला. अनघा कांदा चिरत होती, ती म्हणाली, “आधी दादांना विचार, मग हात लाव.” मी म्हटलं, दादाला काय विचारायचं त्यात, माझं पोटपाणीच आहे ते.

पाठीमागे एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून काटा तेरावर आणला. आमच्या कामात एक शिस्त आहे... मीटर कुठे सापडला आणि कुठे आणून ठेवला, म्हणजे ‘ॲज फाउंड’ आणि ‘ॲज लेफ्ट’, हे स्टिकरवर लिहून तारीख, वेळ घालून सही करायची. घरातल्या बॅरोमीटरवरही मी तसं स्टिकर चिकटवलं. ॲज फाउंड १००३. ॲज लेफ्ट १०१३. वेळ अकरा चाळीस. गंमत म्हणून, खरं तर.

चारला दादाचा मेसेज आला. ‘हवा सुधारली. निघालो. वहिनीला घ्यायला वेळेत पोचतो. यल्ला, चला.’ मी अंगठा पाठवला.

शनिवारी मेसेज आला नाही. चार वाजून एका मिनिटाने मी फोन फिरवायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी निवांत एका प्रवाळाच्या कड्यावर सापडली, डोलकाठी मोडलेली, अर्धी पाण्यात. दादा नव्हता. अजून नाही. तीन आठवड्यांनी शोध थांबवला तेव्हा मला कळवणारा अधिकारी फार सभ्यपणे बोलला, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

वहिनी जानेवारीत आमच्याकडे आल्या, इथली कागदपत्रं आवरायला. सोबत एकच वस्तू होती, बोटीची नोंदवही. बंद डब्यात होती म्हणून वाचली. एका दुपारी जेवणाच्या टेबलाशी त्यांनी शेवटचं पान मोठ्याने वाचलं. दादाचं अक्षर, दादाचे आकडे. आठ वाजता एक हजार सात. दहा वाजता एक हजार पाच. साडेअकराला एक हजार तीन, ‘दुसरा नांगर टाकला, आज हलायचं नाही.’ आणि त्याच्या खाली...

“अकरा चाळीस. टकटक न करता काटा माझ्या डोळ्यांदेखत चढला. एक हजार तेरा. असं कधी पाहिलं नाही. टकटक केली, तिथेच आहे. दोन तास थांबतो.” मग पावणेदोनची नोंद. “अजून तेराच. वारा आहे, पण काटा खोटं बोलत नाही. वादळ फिरलं असणार. नांगर उचलतो.”

अनघा उठून आत गेली. मी भिंतीकडे बघायचं टाळलं.

वहिनी म्हणाल्या, काट्याच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत. मग असं कसं झालं? भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. मी म्हटलं, जुनी वस्तू होती वहिनी, अडकतात कधी कधी. एवढं सरळ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

नंतर मी भिंतीवरचा बॅरोमीटर वर्कशॉपमध्ये नेऊन दाबाच्या पेटीत तपासला. अचूक दाखवतो, जराही दोष नाही. योगायोग म्हणावा तर मिनिटासकट कसा? सुमारे तीन हजार किलोमीटरवर एक स्क्रू फिरतो आणि दुसरीकडे काटा हलतो, याला माझ्या शिक्षणात उत्तर नाही. मला ते नकोही आहे. उत्तर मिळालं तरी स्क्रू मीच फिरवला होता. एकदा वेड्यासारखा तो उलटा फिरवून काटा तीनवर आणला आणि समोर बसून राहिलो. चार वाजले. काही आलं नाही. शेवटी पुन्हा तेरावर आणून ठेवला.

वहिनी कायमच्या नाशिकला निघाल्या त्या सकाळी त्यांनी तोच बॅरोमीटर मागितला. बोटीवरचा बुडाला, निदान हा तरी, म्हणाल्या. नाही कसं म्हणणार? आतल्या खोलीत जाऊन मी स्टिकर खरवडायला लागलो. आमची ती स्टिकरं उन्हातेलात टिकावीत अशीच केलेली असतात. नख मोडलं, कोपराही निघाला नाही. तेवढ्यात वहिनी दारात आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

त्यांनी चष्मा लावून स्टिकर वाचलं. तारीख. वेळ. दोन्ही आकडे. खाली माझी सही. बराच वेळ वाचत होत्या. बाहेर टॅक्सी उभी होती.

“हे तुम्ही केलंत?”

“हो.”

“बरोबर केलं होतंत ना?”

“हो वहिनी,” मी म्हटलं. “इथल्या हवेसाठी बरोबर होतं.”

त्यांनी तो साडीत गुंडाळला, बॅगेत ठेवला आणि गेल्या. तेव्हापासून त्यांनी माझा फोन उचललेला नाही.