नव्या लॅपटॉपवर बाजीची वेल

बाजी गेली, आणि तिच्या मागोमाग तिचा कंप्युटरही जायला निघाला.

आज रेहानाबाजीला जाऊन वर्ष झालं.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बाजी म्हणजे मोठी बहीण; माझी नात्यानं नाही, धंद्यानं. गुलमंडीच्या मागच्या बोळात आमचं एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. पाटीवर नाव माझं, मशीन दोघींचं आणि डिझाइन सगळी बाजीची.
ब्लाऊजच्या पाठीवरची वेल, बाहीवरचे बुट्टे, दुपट्ट्याचे काठ. गावातल्या कितीतरी लग्नांत तिची फुलं मिरवून आलीत.

ती सगळी तिनं कंप्युटरवर काढली. पिवळा पडलेला, एक्सपीवाला, चालू केला की बोळात ट्रॅक्टर आल्यासारखा आवाज करणारा डबा.

मी नवा लॅपटॉप आणला तेव्हा बाजीनं चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि आपलं जुनं सॉफ्टवेअर त्यात टाकायला लावलं.
स्क्रीनवर आलं, हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही.

"काय म्हणायलंय गं हे?"
"जुनं चालत नाही म्हणतंय, बाजी."
"कायकू? नयी बहू आयी तो सास को घर से निकालते क्या?"

मग आमचे उद्योग सुरू झाले. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, त्यात एक्सपी निवडा. सॉफ्टवेअर उघडलं! बाजीनं लगेच भजी मागवली.
भजी यायच्या आत ते म्हणालं, किल्ली सापडत नाही.

त्या सॉफ्टवेअरला खरंच एक किल्ली होती. बोटाएवढी, जुन्या कंप्युटरच्या पाठीमागं खोचायची. नव्या लॅपटॉपला ती खोचायला जागाच नव्हती.

बाजी भजी खात म्हणाली, "राहू दे. हा माझा, तो तुझा. बसू दे दोघांना शेजारी. आपण नाय का बसत?"

तसे ते कित्येक वर्षं एकाच टेबलावर बसले. लॅपटॉपवर माझी बिलं आणि व्हॉट्सॲप, डब्यावर तिची फुलं. मधला निरोप्या पेनड्राइव्ह.

मागच्या वर्षी एका दुपारी छातीत भरून आलंय म्हणून बाजी लवकर घरी गेली.
परत आली नाही.

त्यानंतर तिचा डबा मधेच बंद पडायला लागला. कधी सुरू व्हायचा, कधी नाही.
मला घाम फुटला. बाजीचे फोटो माझ्याकडे दोन-चार, तेही लग्नातले, तोंड फिरवलेले. फोटो काढायला गेलं की ओढणी आडवी. तिचा हात म्हणून जे काही मागं उरलं होतं, ते त्या डब्यात होतं.

औरंगपुऱ्यातून दीपकला बोलावलं. कंप्युटर दुरुस्त करतो, माणूस सरळ आहे. त्यानं डबा उघडला, बचकाभर धूळ काढली, सगळी डिझाइन बाहेर काढून लॅपटॉपवर नवं सॉफ्टवेअर टाकून त्यात उघडली आणि एक वेल मशीनला लावून दाखवली.

झरझर झाली. तेच फूल, तेच पान.

"बघा ताई, नव्या सॉफ्टवेअरनं टाक्यांचा क्रम आपोआप सुधारून घेतला. धागा कमी, वेळ कमी."

मला रडूच फुटलं.

दीपक घाबरला. "अहो, वेळ वाचला की! रडायला काय झालं?"

काय सांगू त्याला?
वेल बरोबर होती. सुई चुकीची चालत होती. आधी सगळी पानं उरकली, मग नाकतोड्यासारखी टुणकन उडी मारून सगळी फुलं.

बाजी आरीकाम, आकडीच्या सुईचं भरतकाम, शिकली तिच्या अम्मीजवळ, हातानं. हाताच्या कामात उड्या मारत नाहीत. वेलीच्या कडेनं जायचं. एक पान, त्याच्या शेजारचं फूल, फुलाचा गाभा, मग पुढचं पान. कंप्युटर आला तरी तिनं ती चाल सोडली नाही.

मी भांडायचे. "बाजी, सगळी पानं एकदम घे ना, ऑर्डर लवकर निघेल."
"बेल पे चलते, वैशाली. टिड्डे सरीखा कूदते नै."

दीपकला म्हटलं, "हे सुधारलेलं काढ. तिचं जसं होतं तसं पाहिजे."

त्यानं खूप शोधलं. शेवटी एका कोपऱ्यात टाके जसेच्या तसे ठेवायची खूण मिळाली. पण तो थांबला.
"ताई, असं घेतलं तर परत लहान-मोठं करता येणार नाही. मापाप्रमाणं बदलता येणार नाही. धंद्याला परवडायचं नाही. एकदा राहिलं की तसंच राहील."

"तसंच राहू दे."

"विचार करा."

"केला."

सगळी डिझाइन तशीच घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी डबा कायमचा बंद पडला. आता मोठ्या मापाचा ब्लाऊज आला की मी सरळ सांगते, ही वेल एवढीच येईल. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. एक-दोन जणी समोरच्या दुकानात गेल्याही. जाऊ देत.

आज सकाळी दुकान उघडलं, कुणी यायच्या आत पांढऱ्या कापडाचा तुकडा लावला आणि बाजीची वेल सुरू केली.

पान. फूल. गाभा. मग पुढं.

कुठल्यातरी दुपारी, शेजारचा चहा गार होऊ देत, बाजीनं ज्या वाटेनं हात नेला असेल, त्याच वाटेनं सुई चालली होती. धागा जास्त खात, वेळ जास्त घेत. मला वाटत होतं, अजून घ्यावा. संपूच नये.

खूप आठवण येते गं. रोज येते.

बाजी, तुझी फुलं सगळी आली इकडं.
तूच तेवढी राहिलीस.

खुदा हाफिज.