अक्काचा रिमोट आणि माझं माहेर

हेमंतचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, देवपूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे आमचे वाळवणाचे पापड, टाकत होते. ज्वारीच्या पिठाने दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, ऊन तापायच्या आत पातेलं संपवायची घाई, आणि खाली फोन आपला वाजतोय वाजतोय. शेवटी यांनीच तो वर आणून माझ्या कानाला लावला. "मावशी… आई गेली. पहाटे, झोपेतच," एवढंच हेमंत बोलू शकला. अशा वेळी म्हणे रडू फुटतं. मला आधी राग आला. ही बाई जन्मभर अशीच! डाव रंगात आला की कुणाला न सांगता उठायची, आणि विचारलं तर "माले भूक लागनी" म्हणून सरळ स्वयंपाकघराकडे चालू लागायची. रडू आलं ते एस.टी.त, पारोळा मागे पडल्यावर, आणि मग जळगावपर्यंत ते काही थांबलं नाही. त्या रडण्यात अक्का तर होतीच, पण खरं सांगते, आणखीही एक गोष्ट होती. आमचा आखाजीचा सण महिन्या-दीड महिन्यावर आला होता आणि आता मी आखाजीला जायचं कुठे, हे मला कळत नव्हतं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण प्रमिला. आमचं माहेर जामनेर तालुक्यातलं पहूर. घरी कापूस आणि थोडी केळी. शाळेत असताना ती खो-खो अशी खेळायची की समोरच्या संघातल्या मुली तिला पाहूनच खांब बदलायच्या. पुढे जळगावात एका शाळेत ती मुलींची खेळाची शिक्षिका झाली आणि गळ्यात शिट्टी अडकवून तिने हयात काढली. घरी आली तरी ती शिट्टी उतरायची नाही. माझ्या लग्नात पंगतीत कुणी मध्येच घुसलं म्हणून तिने शिट्टी फुंकली होती, आमच्या सासूबाई दचकून उठल्या होत्या. निवृत्तीनंतर ती जळगावातच मेहरूणला, तलावापासून जवळच, मुलगा हेमंत आणि सून दीपाली यांच्याकडे राहायची. भावजी आधीच गेलेले. मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला पुढच्या खोलीतल्या कॉटवर, टीव्हीच्या समोर, सक्तीने आडवं केलं. आयुष्यभर पळालेल्या बाईला आडवं पडायची शिक्षा!

त्याच टीव्हीला हेमंतने स्वतःसाठी खेळाचा एक डबा जोडला होता. ऑफिसमधून आला की तो हातात ते दोन कानांचं यंत्र घेऊन बसायचा. अक्का त्याला रिमोट म्हणायची, त्यामुळे आम्ही सगळेच त्याला रिमोट म्हणतो. आधी ती नुसती पाहायची. मग पंचगिरी करू लागली. हेमंतचा फुटबॉलवाला कुणाला धडकला की कॉटवरून "फाउल!" असा आवाज यायचा आणि शेजारच्या घरातल्या खिडक्या उघडायच्या. एके दिवशी हेमंत चहा प्यायला उठला, तर हिने रिमोट उचलला. तो परत आला तेव्हा अक्काची गाडी डोंगरावरून समुद्रात पडलेली होती आणि ती खदाखदा हसत होती. त्यानंतर हेमंतला स्वतःच्या डब्यावर खेळायला रविवारची वाट पाहावी लागली. दीपाली मला फोनवर म्हणाली, "मावशी, आईंचं गुडघ्याचं दुखणं बरं, पण हे काय नवीन?" मीही म्हटलं, म्हातारपणी काय हे खूळ! मला तेव्हा तसंच वाटत होतं.

पण अक्का नुसती खेळायची नाही. तिला प्रत्येक खेळाबद्दल मत होतं, आणि ते ती रोज दुपारी जेवण झालं की मला फोन करून ऐकवायची. मला ते खेळ माहीत नव्हते, पण मतं पाठ झाली. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ तिच्या मते खोटा. "भिंतीला धडकली तरी गाडीला खरचटत नाही. आपल्या हायवेवर ये म्हणावं एकदा." तरीही ती तो खेळायची, फक्त उलट्या दिशेने जायची, कारण मागे राहिलेले डोंगर तिला पाहायचे असायचे. बंदुकांचा खेळ तिने एकाच दुपारी सोडला. रक्ताची तिला भीती नव्हती, तिचा आक्षेप निराळा होता: इतकी माणसं दिवसभर पळतात आणि त्यातलं एकही जेवत नाही, पाणी पीत नाही. "संघ असा चालत नाही रजू," ती मला म्हणाली. क्रिकेटच्या खेळात अंपायर कधीच चुकत नाही, मग भांडायचं कुणाशी, आणि भांडण नाही ते क्रिकेट कसलं? मोबाईलवरची कबड्डी तर तिने शिव्या देऊनच पुसून टाकली, कारण त्यात चढाईला गेलेला गडी तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत नव्हता, त्याचा श्वास कुणी धरत नव्हतं. श्वास सुटायची भीती नाही तर चढाईला जायचं कशाला! आणि तो गोळ्या फोडायचा खेळ, जो निम्मं जळगाव बसमध्ये खेळतं, त्यात हरलं की म्हणे नवे जीव विकत घ्या. त्यावर ती इतकी भडकली की दीपालीच्या मोबाईलमधूनही तिने तो काढायला लावला. "हरलो तर हरलो. बाहेर बसायचं, दुसऱ्याला खेळताना पाहायचं. तेही खेळणंच शे."

शेतीचाही एक खेळ होता. त्यावर तिने आमच्या भावाला, दादाला, पहूरला व्हिडिओ कॉल लावून मत विचारलं. दादा कट्ट्यावर बसलेला, मागे आणखी चार जण वाकून बघतायत, आणि अक्का टीव्हीवरच्या वावरात पाणी देतेय. दादाने बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "लाइट कधी येते तिथे?" अक्का म्हणाली, लाइट जातच नाही. "वारा?" वाराही नाही. "आणि केळी?" अक्काने खेळातलं बियाण्यांचं सगळं दुकान पालथं घातलं. कोबी होता, मुळा होता, स्ट्रॉबेरीसुद्धा होती, केळी कुठेच नाही. दादा म्हणाला, "बठ्ठा खोटा शे मग," आणि मागचे चौघेही "सगळाच खोटा" म्हणत माना डोलावू लागले. अक्काने मात्र तो खेळ सोडला नाही. तिचं म्हणणं, ज्या शेतात बाई सकाळी उठून फक्त आपल्या मर्जीने पाणी देते आणि संध्याकाळी तिला कुणी स्वयंपाकाचं विचारत नाही, ते शेत खोटं असलं तरी तिथे अधूनमधून जायला काय हरकत आहे? हे मत मला त्या वेळी फार आवडलं होतं. तिला सांगितलं नाही, उगाच चढून बसली असती.

आता आखाजीचं सांगते. बाकी महाराष्ट्राची अक्षय तृतीया ती आम्हा खानदेशी बायकांची आखाजी. आमच्याकडे दिवाळीला लेक एक वेळ नाही आली तरी चालतं, पण आखाजीला ती माहेरी हवीच. झाडाला झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, आंब्याचा रस. आणि त्या दिवशी खेळायला कुणी ना म्हणत नाही. एरवी पत्त्यांना हात लावला की ओरडणारे आमचे आबा आखाजीला स्वतः निंबाखाली घोंगडी टाकून डाव मांडायचे. माहेरवाशिणीने त्या दिवशी चुलीकडे फिरकायचं नाही. झोका घ्यायचा, खेळायचं, खायचं, झोपायचं. आबा-आई गेल्यावर दादा-वहिनींनी हे सगळं तसंच चालू ठेवलं. पण मग दादाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली, दादा-वहिनी तिकडे गेले आणि पहूरच्या घराला कुलूप लागलं. कुणाची चूक नव्हती. त्या वर्षी आखाजी जवळ आली तशी मी घरात सगळ्यांवर चिडत होते आणि कारण विचारलं तर सांगत नव्हते. अक्काचा फोन आला. "आखाजीले येशी ना?" मी म्हटलं, कुठे येऊ, कुलपाला भेटायला? ती म्हणाली, "मेहरूणले. मी मोठी शे ना? मग जिथे मी तिथे तुन्हं माहेर. आणि येताना चार दिवसांचे कपडे आण, एका दिवसाची आखाजी नसते."

अशी मेहरूणची आखाजी सुरू झाली. खरंच तिने मला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. झोका नव्हता, घोंगडी नव्हती, म्हणून तिने माझ्या हातात दुसरा रिमोट दिला. खास माझ्यासाठी तिने हेमंतकडून एक दोघींचा खेळ मागवून घेतला होता. त्यात दोन बुटकी माणसं बरोबरीने डोंगर चढतात, एकट्याने पुढे जाताच येत नाही. एका जागी लोखंडी फाटक लागतं. एकाने साखळी ओढून धरायची, दुसऱ्याने पलीकडे जायचं, मग पलीकडच्याने तिकडची साखळी ओढायची. कुठल्याही पोराला पाच मिनिटांत जमेल असं ते. आम्ही दोघी तिथे अडकलो ते अडकलोच. अक्काने साखळी धरली आणि म्हणाली, "तू माहेरवाशीण, तू आधी जाय." मी कशी जाणार? ती मोठी. मी जाऊन तिच्या हातातली साखळी धरली, म्हटलं, अक्का तू आधी. दोघींच्या हातात साखळी, फाटक सताड उघडं आणि पलीकडे जाणारं कुणी नाही! वेळ संपायचा, फाटक धाडकन पडायचं, पुन्हा पहिल्यापासून. "अगं मी मोठी, ऐक माझं!" "मोठी आहेस म्हणूनच म्हणते!" असं करत दोघी खऱ्याखुऱ्या भांडलो. दीपाली रसाच्या वाट्या घेऊन आली आणि दारातच हसून खाली बसली. शेवटी हेमंतने दोन्ही रिमोट घेऊन स्वतःच दोघींना पार केलं. अक्का त्यावर म्हणाली की हा खेळ बनवणाऱ्या माणसाला सख्खी बहीण नसणार. पण सगळ्या खेळांत तिने पहिला नंबर दिला तो यालाच. दर आखाजीला आम्ही तोच लावायचो.

आमची शेवटची भेट संक्रांतीनंतरची. तेव्हा ती एका घोड्याच्या खेळात रमली होती. त्यातला माणूस खरं तर दरोडे घालायला निघालेला, पण अक्का त्याला गावाबाहेर नेऊन नुसता घोडा पळवायची, मग उतरून घोड्याला खरारा करायची. सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणी आबांनी तिला घोड्यावर बसवलं होतं, तो घोडा असाच तांबडा होता म्हणे. मी म्हटलं, अगं पण खेळ पुढे कधी जाणार? ती म्हणाली, "पुढे काय शे? दरोडा शे. इथेच बरं शे." तिचा चेहरा इतका निवांत होता… जुन्या फोटोतही मी तिला इतकी निवांत पाहिलेली नाही. ती तृप्त होती आणि हे मला माहीत आहे, म्हणून तिच्यासाठी मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट माझं मला वाटत होतं.

कारण मावशी ही शेवटी मावशी. बहिणीमुळे घर आपलं. बहीण गेल्यावर सुनेच्या घरी कुठल्या तोंडाने "मी माहेरी आले" म्हणायचं? दीपाली चांगली मुलगी, पण तिलाही तिचं भुसावळचं माहेर आहे, तिलाही आखाजीला जायचं असतं. मेहरूणची आखाजी सुरू झाल्यापासून ती आमच्यासाठी थांबायची आणि मागाहून भुसावळला जायची. मी यांना म्हटलं, आता आपली आखाजी संपली. पण आखाजीला गेलेल्यांच्या नावाने घागरही भरतात, आणि अक्काची ही पहिलीच घागर, त्यासाठी तरी जायला हवं होतं. सकाळच्या गाडीने निघाले, हातात फक्त पर्स. दारात दीपालीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. "मावशी, बॅग कुठाय?" मी म्हटलं, कशाला बॅग, संध्याकाळच्या गाडीने परत जाते. आम्ही घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या, दोन आंबे. हेमंतने हात जोडले आणि तो पटकन गच्चीवर निघून गेला. मीही डोळे पुसले आणि सवयीने पोळ्या करायला आत वळले, तर दीपाली उंबऱ्यात आडवी उभी. "तुम्ही तिकडे बसा."

जेवणं झाली. मी घड्याळ पाहू लागले तशी तिने कपाटातून अक्काची एक मऊ सुती साडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. "ही नेसा. ती प्रवासाची काढा, किती टोचत असेल." मग टीव्ही लावला, एक रिमोट मला दिला, एक स्वतः घेतला. इतक्या वर्षांत तिने त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. तिने गाड्यांची शर्यत लावली. म्हणाली, "आई म्हणायच्या हा खोटा आहे, पण मला हाच आवडतो." मी म्हटलं, "तुझी सासू उलट्या दिशेने जायची, तिला काय कळणार शर्यतीतलं!" आणि हे माझं खेळाबद्दलचं पहिलं मत, मीच दचकले. आम्ही खेळलो. दोघींच्या गाड्या भिंतींवर आपटत होत्या, हेमंत खाली येऊन सोफ्याच्या टोकाला बसला होता आणि दीपाली माझ्यापेक्षाही वाईट चालवत होती. बाहेर ऊन उतरलं. मध्येच माझा फोन वाजला. हे विचारत होते, अगं, शेवटची गाडी चुकेल, अजून आहेस कुठे? दीपालीने खेळ थांबवला, पण रिमोट हातातून सोडला नाही.

"माहेरी आहे," मी म्हणाले. "येईन चार दिवसांनी."