ताजा नमुना मागणारी वर्षा आडे

आर्णीकडच्या एका सरकारी दवाखान्यात वर्षा आडे नऊ वर्षांपासून लॅब टेक्निशियन आहे. रक्त तपासायला तिथं कोणीही बसतं. शौचाचा डबा टेबलावर आला की मात्र एकाला चहा आठवतो, दुसऱ्याला फोन येतो. वर्षा जागची हलत नाही. तांड्यावरच्या बाया कधी नाक मुरडून विचारतात, "काहून व, दुसरं काम नव्हतं काय तुले?" तेव्हा ती हसून सांगते, "रक्त काय, शंभर जण पाहतात. हे नीट पाहणारे कमी आहेत." यात बढाई नसते. तिला खरंच तसं वाटतं.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टची गोष्ट. उकंडा नावाचा पन्नाशीचा कास्तकार बायकोच्या आधारानं दवाखान्यात आला. तीन आठवड्यांपासून त्याला रक्त आणि आव पडत होती. अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. शहरातल्या एका खासगी डॉक्टरांनी आतड्याला सूज असल्याचं निदान करून स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी सुरू करायच्या होत्या. इथं तो आला होता फक्त सलाईन लावून घ्यायला.

ड्युटीवरच्या डॉक्टर दिपाली मॅडमनी कागद वाचले आणि म्हणाल्या, "गोळ्या सुरू करायच्या आधी एकदा शौच तपासून घेऊ."

उकंडाची बायको तानाबाई हिनं डॉक्टरांना दाखवायला घरूनच डबीत नमुना आणला होता; तीच डबी घेऊन ती लॅबमध्ये आली. वर्षानं काचेवर नमुना घेतला, भिंगाखाली पाहिला. रक्त होतं, पू होता, हलणारं काही नव्हतं. 'अमिबा आढळला नाही' एवढं लिहिलं असतं तरी तिला कोणी बोल लावला नसता. तिनं पेन बाजूला ठेवला.

"काकू, हे कितीक वाजताचं आहे?"

"सकाळी सात वाजताचं. बस भेटालेच उशीर झाला ना माय."

आता अकरा वाजले होते, म्हणजे चार तास. आतड्यातला हलता-चालता अमिबा फार नाजूक जीव. शरीराबाहेर पडला, थंड झाला की थोड्याच वेळात आकसतो, मरतो, आणि मग पू-पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाही. वर्षा उठून वॉर्डात गेली.

"काका, मले ताजा नमुना पाहिजे. लघवी मिसळू नका, पाणी लागू देऊ नका, अन् झाला की लगेच आणून द्या."

उकंडा शरमून भिंतीकडे वळला. "पोरी, तुले किळस नाही येत काय? कायले एवढी मागं लागून राह्यली?"

"किळस नाही येत काका. तुमच्या पोटात कोण बसला आहे, तो मले जिवंत पाहाचा आहे."

वीस मिनिटांत तानाबाई धावत आली. तोवर वर्षानं सलाईनची लहान बाटली काखेत धरून कोमट केली होती. काचेवर थेंब, त्यात आवेचा रक्ताळलेला कण, वर पातळ काच. ती भिंगाखाली काचेचा एकेक पट्टा सावकाश पाहत गेली. तिसऱ्या पट्ट्याच्या टोकाला एक ठिपका सरकल्यासारखा वाटला.

तिनं श्वास रोखला. ठिपक्याच्या कडेतून काचेसारखं स्वच्छ बोट बाहेर आलं आणि मागचं सगळं अंग त्या बोटात ओतलं गेलं. परत बोट, परत ओघ, एकाच दिशेनं, कुठं जायचं ते ठाऊक असल्यासारखा. पोटात तांबड्या पेशी होत्या. तिनं मोजल्या. सात. हुबेहूब असाच दिसणारा एक निरुपद्रवी भाऊबंद अमिबा माणसाच्या आतड्यात असतो, पण तो सहसा रक्त गिळत नाही. हा आतड्याची भिंत पोखरणारा होता.

"मॅडम, या! लवकर या, हा थंड झाला की थांबते!"

दिपाली मॅडम बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या. मग तिथूनच त्यांनी शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. या आजारात स्टेरॉइड गेलं असतं तर आतडं फाटायची भीती होती. दिपाली मॅडमनी भिंगाखाली काय दिसलं ते सांगितलं. मग ते डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देऊ नका. आणि ज्यांनी पाहिलं त्यांना माझा नमस्कार सांगा."

औषध बदललं. चौथ्या दिवशी रक्त थांबलं, सहाव्या दिवशी उकंडानं भाकर मागितली. आतड्यात लपून राहिलेले अमिबाचे कवचबंद कोश मारायला दुसरं औषध देऊन मग त्याला घरी सोडलं.

दवाखान्याचं काम इथं संपत होतं. वर्षाचं संपलं नाही. आवेची तक्रार आपल्या गावात आणखी चार-पाच घरांत असल्याचं तानाबाई बोलून गेली होती. मॅडमची परवानगी घेऊन वर्षा गावात गेली. तिनं पिण्याच्या पाण्याची चौकशी केली, तेव्हा सरपंच म्हणाले, "आमच्या टाकीत रोज ब्लिचिंग पडते. पाणी तपासून पाहा."

"ब्लिचिंगनं बाकी जंतू मरतात, भाऊ. काही अमिबा बाहेर पडायच्या आधी आतड्यातच स्वतःभोवती कवच करून घेतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते कवच फुटत नाही. उकळल्यानं फुटते."

वर्षानं तपासायला शौच मागितलं, पण डब्या द्यायला कोणी तयार होईना. शेवटी तानाबाईनंच पदर खोचला. घरोघरी जाऊन ती सांगू लागली, "माह्या माणसाचं पाहिलं, तुमचं पाहिलं तर काय बिघडते?" एकोणीस डब्या जमल्या. त्यांतल्या पाच डब्यांत अमिबाचे कोश निघाले, प्रत्येक कोशात चार केंद्रकं असलेले. नुसत्या कोशावरून तो घातकी की निरुपद्रवी, हे भिंगाखाली सांगता येत नाही, आणि वर्षानं तसं अहवालात स्पष्ट लिहिलं. पण कोणताही असो, तो माणसाच्या विष्ठेतूनच येतो. आणि पाचही घरं एकाच पाइपलाइनवर होती.

ती पाइपलाइन धरून लोक चालत गेले. नाल्याकाठी व्हॉल्व्हचा खड्डा होता, त्यात सांडपाणी साचलेलं. पाणी बंद झालं की गळक्या जोडातून तेच आत ओढलं जात होतं. ग्रामपंचायतीनं महिन्याभरात व्हॉल्व्ह उंचावर घेतला आणि तेवढा पाइप बदलला. तोवर गावानं पाणी उकळून प्यायलं, आणि कोश निघालेल्या पाचही जणांनी दवाखान्यातलं औषध घेतलं. दिवाळीनंतर वर्षानं परत डब्या मागवल्या, तेव्हा न सांगता सत्तावीस आल्या. एकीतही कोश नव्हता.

त्या हिवाळ्यात यवतमाळला जिल्ह्यातल्या टेक्निशियनांची बैठक झाली आणि दिपाली मॅडमनी वर्षाला बोलायला उभं केलं. पाठ केलेलं भाषण ती दुसऱ्याच वाक्याला विसरली. मग तिनं त्या दिवशी भिंगातून मोबाइलवर घेतलेलं चित्रण सरळ भिंतीवर लावलं. सात तांबड्या पेशी पोटात घेऊन अमिबा सरकू लागला. मागच्या रांगेतले दोघे-तिघे उठून पुढं आले. मारेगावकडच्या एका जुन्या टेक्निशियननं विचारलं, "ताई, पंचवीस वर्षं झाली नोकरीले, असा जिवंत कधी पाहिला नाही. कसा दिसला तुमाले?"

वर्षानं मान ताठ करून उत्तर दिलं, "मी ताजा मागितला, सर. अन् तो हलताना दिसेपर्यंत भिंगासमोरून उठली नाही."